मग?

शाळेने पत्रक काढलं, त्यावर सही माझीच:
पालकांनी रोज अर्धा तास
मुलांसोबत गणिताला बसावं.
बसावं, ठीक आहे.
पण अरिउनझुलचं घर इथून नव्वद किलोमीटर,
आणि घर म्हणजे तरी काय, नमद्याचं,
ऑक्टोबरात नदीकाठी, जानेवारीत डोंगराच्या पोटाशी.
मी पत्रक ट्रकवाल्याच्या हाती दिलं.
पंधरा दिवसांनी पोचलं,
चहाच्या विटेभोवती गुंडाळलेलं.

तेव्हापासून रविवारी संध्याकाळी
वसतिगृहाच्या जिन्यात तिचा फोन वाजतो.
दामदिन टेकडीवर चढलेला असतो, रेंज तिथेच.
"बसलोय," तो म्हणाला पहिल्यांदा.
"घोड्यावर. चालेल का, विचार तुझ्या बाईंना."

मी वरच्या पायरीवर, वह्या तपासत,
ऐकत नाही असं दाखवत.
ती वाचते: क्ष वर्ग, वजा पाच क्ष, वजा छत्तीस,
बरोबर शून्य.
वाऱ्याचा आवाज. मग त्याचा:
"क्ष कोण?"
"तेच तर शोधायचंय, बाबा."
"बरं. मग?"
"छत्तीसचे दोन तुकडे. नऊ आणि चार."
"मग?"
"नऊ अधिक. चार वजा."
"मग?"
"मग बेरीज... पाच."
"मग?"
"अधिक पाच.
थांबा.
थांबा हं, बाबा."

तो थांबतो. घोडा फुरफुरतो.
बाहेर उणे एकतीस असेल, टेकडीवर त्याहून खाली,
आणि हा माणूस एका चिन्हासाठी थांबतो.
मी वर्गात इतकी थांबत नाही.
माझ्याकडे चाळीस मिनिटं, बत्तीस मुलं,
मी उत्तर सांगून टाकते.

फेब्रुवारीत पालकसभेला तो आला, मोटारसायकलवर,
मिशीत बर्फ, पायात दोन-दोन मोजे.
माझं भाषण तयार होतं,
घरातलं वातावरण वगैरे.
त्याने कोटाच्या आतून वही काढली.
पेन्सिलीने लिहिलेली, शाई गोठते म्हणून.
रविवारची सगळी गणितं, कानावर पडली तशी,
काही ठिकाणी वाऱ्याने आकडा उडवलेला,
तिथे कोरी जागा सोडलेली.
एकही सोडवलेलं नाही.

"ती म्हणते, सुटलं," तो म्हणाला.
"तिचं सुटलं. माझं अडलंय.
वजाला वजाने गुणलं की अधिक का होतं?"
मी खडू घेतला. नियम लिहिला.
"मग?"
उदाहरण लिहिलं.
"हो, पण मग?"
तिसऱ्या वेळी माझा हात फळ्यावरच राहिला.
एकोणीस वर्षं शिकवतेय मी हे.
कुणी मग म्हटलं नव्हतं,
किंवा म्हटलं असेल, घंटेत बुडालं असेल.

अरिउनझुल दारात उभी होती,
ओठ दाबून, हसू नये म्हणून.
"सांगू का मी, बाई?" म्हणाली,
आणि सांगितलं तिने,
उधारीवरून, मेंढ्यांच्या कातड्यांवरून,
अर्धं चुकीचं, पण तिचं.
दामदिनने टोपी काढून डोकं खाजवलं.
"आता जरा उजाडलं," म्हणाला.
मी भाषणाचा कागद घडी घालून
टेबलाच्या हलत्या पायाखाली सरकवला.

वही त्याने माझ्याकडे ठेवली, तपासायला.
रात्री बघितलं,
शेवटच्या पानावर वेगळं अक्षर, जाड, उतरतं.
त्सेंदचं, तिच्या आईचं.
ती संध्याकाळी मेंढ्या मोजत नाही म्हणे,
नुसती बघते, आणि सांगते कोण आलं नाही.

लिहिलंय:
*बाई, मुलीने मला सांगितलं,
क्ष म्हणजे जो हरवलाय तो.
हे मला पटलं.
पण या गणिताला उत्तरं दोन येतात.
नऊ समजले.
वजा चार कुणाच्या?*

ट्रक गुरुवारी निघतो.
आज मंगळवार.
तीन कागद फाडून झाले.