खांब क-७

नकाशात सगळं आधीच झालेलं असतं.
तळघरात दोनशे चाळीस मोटारी,
जमिनीवर बावीस फलाट,
त्यावर कपड्यांची दुकानं, त्यावर दवाखाने,
पाचव्यावर सिनेमा, आणि गच्चीत बाग,
जिला कागदावर कधी पाणी लागत नाही.
बोरस्ते मॅडम म्हणतात, मिश्र वापर.
आम्ही नाशिकचे. मिश्र म्हटलं की मिसळच आठवते:
खाली कोण, वर कोण,
आणि तर्री कोणाच्या वाट्याला.

माझ्याकडे फक्त खालचा मजला.
म्हणून महिनाभर पहाटे साडेपाचला
जुन्या स्टँडवर वही घेऊन उभी.
पेठ, हरसूल, सुरगाणा, कळवण.
किती चढले, किती उतरले,
किती नुसतेच बसून राहिले.
या तिसऱ्यांना कोष्टकात रकाना नव्हता,
त्यांना मी समासात लिहीत गेले.
समास भरला.

दौलत गांगुर्डे, ड्रायव्हर, निवृत्तीला सात महिने,
यांनी नकाशा उडू नये म्हणून
कोपऱ्यावर चहाचा ग्लास ठेवला
आणि नखाने क-७ वर टकटक केलं.
"हा माझा आरसा खाणार."
मी म्हटलं, वळणाची त्रिज्या पुस्तकाबरहुकूम आहे.
"पुस्तकातली गाडी रिकामी असते, ताई.
माझी बाजाराच्या दिवसाची.
वळताना तिचं शेपूट बाहेर फिरतं,
आणि शेपटापाशी कुणीतरी उभं असतंच."
पेन्सिल मागितली. डोळे मिटले.
हवेतच दोन्ही हातांनी चाक फिरवलं, सावकाश,
जसं घाटात फिरवत असतील,
मग कागदावर एक बाक काढला.
ग्लासचं गोल ओलं वर्तुळ
फलाट चौदावर राहून गेलं.

म्हणजे खांब दीड मीटर सरकायला हवा.
खांब एकटा सरकत नाही.
पहिल्या मजल्यावर तो चपलांच्या दुकानाच्या काचेत येतो,
दुसऱ्यावर दातांच्या डॉक्टरच्या खुर्चीत,
पाचव्यावर थेट पडद्याच्या मधोमध.
हरसूलची गाडी नीट वळावी म्हणून
नायकाच्या तोंडापुढे सिमेंट!
मीटिंगमध्ये सगळे हसले.
मग दर चौरस फुटाचा भाव निघाला
आणि कुणी हसेना.

तयार माणसं संगणकात मिळतात, राखाडी,
चाकांच्या बॅगा ओढणारी,
हातात कॉफी, कुणाची कुणाशी ओळख नाही.
डोक्यावर काही घेतलेलं त्यांच्यात एकही नाही.
म्हणून ठकूबाई गावित मी हाताने काढली.
उंची एक मीटर अठ्ठेचाळीस,
करवंदांच्या पाटीसकट एक नव्वद.
दाराच्या कमानीवरचा झगमगीत फलक
तिच्या पाटीला लागत होता. वर घेतला.
शेवटची गाडी चुकली तर कुठे बसता,
हे मी तिला विचारून आले होते.
"खांबाला टेकून," म्हणाली,
"दुसरं काय असतं तिथं?"

त्या रात्री ऑफिसात मी आणि पंखा.
ज्या खांबाला एक जण हटव म्हणतो
त्याच खांबाला दुसरीची पाठ.
क-७ दीड मीटर सरकवला.
बुडाशी, त्याला वळसा घालून,
आणखी एक बाक काढला, या वेळी बसायचा.
पाचही मजल्यांवर लाल खुणा पेटल्या:
चूक, चूक, चूक.
एवढ्यात सुरगाण्याची मुक्कामी गाडी
कुठल्याशा देवळापुढे दिवे मालवून झोपली असेल,
आणि कंडक्टर मागच्या सीटवर, पाय खिडकीत.

जतन करण्याआधी संगणक विचारतो, वापर कोणता?
यादी देतो: विक्री, वाहनतळ, मनोरंजन, आतिथ्य.
यातलं काहीच नव्हतं.
रिकाम्या चौकटीत टाइप केलं:
टेकणे.

गुरुवारी परत मीटिंग आहे.