शटरचा हिशोब

कोल्हापूरच्या दुकानदारानं कॅमेऱ्याला वायर जोडली
आणि पडद्यावर आकडा आला :
दोन लाख अकरा हजार चारशे सहा.
म्हणाला, "मगदूम, लई वापरलाय ओ.
शटर कधीही बसंल.
नऊ हजार देतो, ते पण ओळखीचं म्हणून."

मला माहीतच नव्हतं, तो मोजत होता.
अकरा वर्षं माझ्या गळ्यात लोंबकळत
मुकाट्यानं लिहून ठेवत होता
चिकोडीची बारशी, संकेश्वरची लग्नं,
गळतग्याची वरात, लाईट गेलेली,
आधारला, रेशनला, पासपोर्टला
स्टुलावर ताठ बसलेली निपाणी.
मिटलेले डोळे मी तिथल्या तिथं पुसले,
त्याच्या खात्यावर ते पण चढलेच.

नऊ हजार घेतले. वर एक लाख बत्तीस घातले,
निम्मे सोसायटीचे.
पट्टा तेवढा मागून घेतला.

नवा हलका. आत आरसा नाही.
आवाजही नाही. दाबलं की नाही
समोरच्याला कळत नाही,
माणसं श्वास धरून बसतात तशीच.
म्हणून मी तोंडानंच "खट्" करतो.

मग कळलं, नव्याच्या फायली
जुनं सॉफ्टवेअर उघडत नाही.
ते म्हणजे खडेबाजारातली साठ रुपयांची सीडी,
वर मार्करनं लिहिलेला नंबर, तोच परवाना.
नवं विकत मिळत नाही. भाड्यानं मिळतं,
पाच तारखेला दारात उभं.
त्याला कॉम्प्युटर वेगळा, कॉम्प्युटरला यूपीएस वेगळा.
बायको म्हणाली,
"वासरू आणलासा, आता गोठा बांधाय निघालासा."

दुकानावरच्या पाटीत कन्नड वर, मोठं,
मराठी खाली, बारीक,
नगरपालिकेच्या माणसानं पट्टी लावून मोजलेलं.
आत सॉफ्टवेअरच्या यादीत
इरण्णानं त्याची भाषा शोधली, मी माझी.
खालपर्यंत गेलो, परत वर आलो.
इंग्रजीवर टिचकी मारली
आणि दोन कट चहा सांगितला.

इरण्णा पोरगा हुशार.
माणसावर बाण टेकवला
की कडेकडेनं मुंग्या धावायला लागतात.
"बॉर्डर लागली, सर," म्हणतो. "एका सेकंदात."
मी काही बोललो नाही.

परवा सुशीला हावळची पोरगी आली.
आई जाऊन नऊ दिवस. तेराव्याला मोठा फोटो पाहिजे.
होता तो एकच, मामाच्या लग्नातल्या पंगतीत,
कडेला, हरभऱ्याएवढा चेहरा,
हात ताटावर.
माझाच. जुन्यानं काढलेला.

इरण्णानं बटण दाबलं.
हरभऱ्याचा नारळ झाला.
पापण्या एकेक सुटी, गालावर साय,
कपाळावरचं गोंदण डाग म्हणून गेलं,
आणि विडीचं तोंड मिटायला वाढवलेलं
अंगठ्याचं नख
त्यानं न विचारता कापून दिलं.

पोरीनं जवळून बघितलं. लांब जाऊन बघितलं.
"आईच हाय की ओ," म्हणाली.
मग जरा थांबून,
"पण ही बाई कारखान्याला गेल्याली दिसत न्हाई."

रात्री जुना कॉम्प्युटर लावला.
पंखा घरघरला, कोपऱ्यातली धूळ उडाली.
तीच फाईल, काही न विचारता, मोठी करत गेलो.
चेहऱ्याचे चौकोन झाले, सतरंजीसारखे.
गोंदण म्हणजे एक चौकोन,
शेजारच्यांपेक्षा जरा हिरवट.
नख म्हणजे दीड.

तिनं दोन्ही नेले.
साय आलेला भिंतीला, पाव्हण्यांसाठी.
चौकोनांचा ट्रंकेत.
"ह्यातली लांबनं बघिटलं की येती," म्हणाली.
पैसे एकाचेच घेतले.
कुठल्याचे, ते पावतीवर लिहिलं नाही.

नव्याचा आकडा बघायला शिकलोय आता.
आज सकाळी तीन हजार नव्वद.
त्यातले वीसेक इरण्णाचे,
समोरच्या पिठाच्या गिरणीवरचं मांजर,
पांढरं, का पिठानं पांढरं,
अजून ठरलं नाही.