कोशात उरलेलं

सुरिनमध्ये उकळत्या मडक्यावर
खामफान रेशीम ओढते.
कोश उलगडला की आतला किडा
सरळ तोंडात. चाळीस वर्षं हेच.

परवा अंगावर पित्ताच्या गांधी उठल्या,
मानेवर, दंडावर, बोटांच्या बेचक्यांत.
दवाखान्यातली पोर म्हणाली,
ओठ सुजले, दम लागला तर लगेच या.
एरवी ही गोळी, गार फडकं. नखं काढा.
आणि किडे? ते आता विसरा, मावशी.

नखं काढली.
नखांशिवाय तुटला धागा सापडत नाही.

रात्री गोळीची गुंगी.
थोंगलाई फडकं भिजवतो, पिळतो, पुन्हा भिजवतो.
खाजवू नकोस, म्हणतो,
आणि पाठीवर फुंकर घालतो
चुलीवर घालावी तशी.

सकाळी ती मडक्याशी.
किडे बशीत, शेजारणीसाठी.
मीठ भुरभुरताना बोटं ओठांशी जातात,
थांबतात.
मान खांद्याला घासून
ती पुढचा कोश उचलते.