ओ

शेफील्ड. टेकडीच्या पोटातलं तळघर, खोली नऊ.
दिवे मालवलेले. भिंगाखाली
सकाळी मी केलेले गोळे, मोजले तर तीनशेच्या आसपास:
बलकातली चरबी, चिमूटभर मीठ,
आणि आत कोंडलेला एकच शब्द.
म्हणजे एक रेणू. पण इथे आम्ही त्याला शब्दच म्हणतो.

यांना भूक नाही, पोर नाही.
उद्या दुपारपर्यंत फुटतील
आणि कुणाला सोयर ना सुतक.
त्याच थेंबात शेजारी जिवंत जंतू,
खातायत, दुभंगतायत, धक्काबुक्की करतायत,
लग्नघरात शेवटची पंगत बसावी तसे.

गोळे गप्प.

"भोक पाड त्यांना," ग्लेनिस म्हणाली.
मार्चमध्ये ती निवृत्त होतेय, बत्तीस वर्षं याच खोलीत.
"आतच राहिला तर शब्द कसला, नुसता साठा."

तिचे वडील सुऱ्या घडवायच्या कारखान्यात
हातोड्यांनी बहिरे झाले. तिशीतच.
जेवायला बोलवायचं तर ती
जिन्याच्या पहिल्या पायरीवर टाच आपटायची.
फळ्याफळ्यांतून हाक त्यांच्या तळव्यांपर्यंत जायची.

मी प्रथिनाचा थेंब सोडला.
भोकं पडली. शब्द झिरपला.
दहा मिनिटं. वीस. चहा गार.
पस्तिसाव्या मिनिटाला एक जंतू हिरवा उजळला,
मग त्याच्या पलीकडचा, मग आळीच्या आळी.
ओ दिली!
ज्याला कान नाहीत त्याने,
ज्याला जीवच नाही त्याच्या हाकेला.

मी ओरडले असणार. मराठीत.
काय म्हणालीस, असं ग्लेनिसने विचारलं नाही.

मग दुसरी काच पाहिली, तुलनेसाठी ठेवलेली.
हे गोळे रिकामे, यांच्यात शब्द घातलाच नव्हता.
तिथेही, अगदी कडेला,
एक हिरवा.
थोड्या वेळाने आणखी एक.

"गळती असेल," मी म्हटलं, "माझाच हात चुकला असेल."
"बाबाही रोज सहाला मान वर करायचे," ती म्हणाली,
"मी टाच आपटली काय, नाही आपटली काय."

वहीत लिहिलं: पार्श्वभूमी, दोन टक्के.
खोडावंसं वाटलं. खोडलं नाही.

वरच्या मजल्यावर कुणीतरी खुर्ची सरकवली.
दोघींनी एकदम वर पाहिलं.