अठ्ठावन्न नंबरची बशी

बाहेर यावल रोडवर चव्वेचाळीस,
आत पेटीत कायम सव्वीस.
लाइट गेली की इन्व्हर्टरवर आधी बुरशी,
मग माझा पंखा.

करपा आहे हा, सावद्याचा,
युवराज फालकांच्या केळीच्या पाचव्या पानावरचा.
दिगंबरनं घाईत लेबलवर ‘कृपा’ लिहिलं,
तसंच राहू दिलं. बशीला काय फरक पडतो.

केळी कापताना पाहिलंय ना तुम्ही,
बागेतून बांधापर्यंत घड जातो
खांद्यावरून खांद्यावर, जमिनीला न टेकता.
बुरशीचा श्वास तसाच चालतो.
एक विकर इलेक्ट्रॉन उचलतं, पुढच्याला देतं.
मला सगळी रांग मोडायची नाही.
देणारा आणि घेणारा यांच्यामध्ये
फक्त एक रेणू बसवायचाय,
हट्टी,
पंगतीत वाट अडवून बसलेल्या मामासारखा.

अडचण अशी, की तीच रांग माझ्यातही चालू आहे,
बांधावरच्या गांडुळात,
घड वाहणाऱ्याच्या छातीत.
तिच्या आणि आमच्या माळेत त्या जागी
फरक थोड्याच मण्यांचा.
त्या थोड्या मण्यांवर माझी सहा वर्षं गेली,
सत्तावन्न रेणू गेले.
काही पाण्यात विरघळेनात, काही उन्हात फुटले,
एकानं बुरशी सोडून पानच जाळलं.

अठ्ठावन्नावा बसला.
अकरा दिवस बशी कोरी.
मी घरी फोनसुद्धा केला.

बाराव्या दिवशी फालक आले,
चष्मा कपाळावर चढवून वाकले.
‘‘बाई, हे काठाले काय हाये?
ही तं जितीच हाये.’’
तिळाएवढा राखाडी ठिपका.

तपासून आणला. अख्ख्या जनुकात
एक अक्षर बदललेलं.
सी होता तिथं टी.
मी लेबलकडे बघत राहिले.

‘‘मंग आता?’’
म्हटलं, एकच औषध पाच-पाचदा मारू नका,
आलटून पालटून मारा,
रोगट पानं कापून पुरा.
‘‘हे पानं कापाचं तं माह्या आजालेबी मालूम व्हतं,’’
ते म्हणाले. रागानं नाही.

जाताना टेबलावर एक फणी ठेवून गेले.
प्रयोगशाळेत खायला मनाई,
म्हणून दारात, उन्हातच उभी राहून सोललं.
सालीवर काळे ठिपके होते.
ती दुसरी बुरशी.
तिचं रजिस्टर वेगळं.