एक वीत

एव्हारिस्तो रविवारी रात्री साडेअकराला सांतियागोहून उडाला
आणि ऑकलंडला उतरला मंगळवारी, पहाटे साडेचारला.
नऊ हजार सहाशे सत्तर किलोमीटर. तेरा तास.
आईने बोटांवर मोजलं, पुन्हा मोजलं,
मग मला विचारलं : त्याचा सोमवार कोणी घेतला?

मी म्हटलं, समुद्रात एक रेघ आहे, तारखेची.
कुंपण आहे का तिथे?
नाही.
मग मेंढरं ओलांडतील की, ती म्हणाली,
आणि चुलीत लाकूड सारलं.

भिंतीवरच्या नकाशात आम्ही डावीकडे, तळाला;
तो पार उजवीकडे, कागद संपतो तिथे.
आई बोट टेकवून निघायची :
अटलांटिक, आफ्रिकेचं टोक, मग नुसतं निळं, निळं.
पोचेपर्यंत किटलीतलं पाणी आटलेलं असायचं.

मग एका शनिवारी ओयार्सून सर
शाळेतला पृथ्वीगोल घेऊन आले, काखेत, कलिंगडासारखा.
वाऱ्याने टोपी नेली, गोल काही सोडला नाही त्यांनी.
आईने लोकरीचा धागा तोडला.
एक टोक मी दाबलं सांतियागोवर, दुसरं तिने.
ताणला तसा धागा घसरत गेला
खाली, अजून खाली, थंडीकडे.
हे विमान वाट चुकलंय, आई म्हणाली.
गोलावर हीच सरळ वाट, सर म्हणाले.

धागा भरला एक वीत.
आईची वीत. माझी जरा कमी पडली.

पण अगदी मधोमध, जिथे ना बेट ना खडक,
तो आमच्या ओळीत आला होता : बावन्न अंश दक्षिण.
सरांनी तिथून बोट आडवं ओढत आणलं पाण्यावरून,
ते येऊन लागलं थेट नातालेसच्या धक्क्याला.
मध्ये कोणी राहत नाही, म्हणाले. वारा तेवढा असतो,
तिकडून इकडे येणारा.
म्हणून जाताना तेरा तास, येताना अकरा.

आईने काहीच विचारलं नाही.
पाण्याच्या मध्यावर धाग्याला एक गाठ मारली फक्त.

त्या रात्री पत्रा धडधडत होता.
एरवी ती शिव्या घालते या वाऱ्याला,
गेल्या वर्षी कोंबड्यांचं खुराडंच नेलं त्याने खाडीत.
त्या रात्री उठली, खिडकीची कडी काढली,
आणि बराच वेळ उभी राहिली, शाल न घेता.

आता तो दिवसाला दोनशे मेंढ्या कातरतो.
आमच्या दुपारी त्याच्या उद्याच्या सकाळीतून फोन करतो,
म्हणतो, कंबर गेली.
मार्चमध्ये येईल. रविवारी संध्याकाळी सहाला निघेल
आणि त्याच रविवारी दुपारी एकला उतरेल,
निघण्याच्या पाच तास आधी.

त्यात काय, आई म्हणते,
सोमवारातले सुटे परत देत असतील.
आणि टाके मोजता मोजता थांबते :
पण मग उरलेले कोणाकडे?