स्थिर आकार

तेहतीस वर्षं मी लोकांच्या भिंती वाचल्या.
डिचोली, मये, मुळगाव, नार्वे.
कुणाचा मीटर तुळशीमागं, कुणाचा खुराड्याच्या वर,
आनास्तासियाबाईचा बल्कांवच्या डाव्या हाताला,
जिथं मार्चात गांधीलमाश्या हटकून घर करायच्या.
माणसांची नावं नीट कधी आलीच नाहीत,
घरं आकड्यांनी पाठ.
मलाही नाव नव्हतं.
अंगणातून आत हाक जायची,
"गो, लायटीचो मनीस आयला!"
आणि कुणीतरी कुत्रं बांधायचं.

एकतीस मेला साहेबांनी मिक्सर दिला.
हसले सगळे,
वीजखात्याची भेट, तीही वीज खाणारी.
टॉर्च परत घेतली, पावती दिली:
एक नग, चालू स्थितीत.
माझ्याबद्दल असं कुणी लिहून दिलं नाही.

आता साडेसातला पाय आपले आपण चपला शोधतात.
प्रेमावती म्हणते, बसा की, पाव यायचाय अजून.
पोदेर येतो, भोंगा वाजवतो, चार उंडे मोजून देतो.
त्याला ठाऊक आहे तो कोण आहे ते.

मी आमचाच मीटर वाचतो.
काल ४१७२, आज ४१७८.
तिच्या किराणाच्या वहीत, मागल्या पानांवरून सुरुवात करून.
सहा युनिट.
म्हणजे काल दिवसभर मी पंख्याखाली होतो,
याचा लेखी पुरावा.

महिनाअखेरीस एक मुलगी आली, हातात यंत्र.
काचेसमोर धरलं, चिठ्ठी निघाली.
मी आधीच आकडा सांगून टाकला होता.
"कळ्ळें, अंकल," म्हणाली,
वर न बघता.

नार्वेच्या वाटेवर एक बंद घर होतं. मालक लिस्बनला.
चकती हलायची नाही.
तरी दर महिन्याला जायचो,
काचेवरचं कोळ्याचं जाळं बोटानं पुसायचो,
तोच आकडा पुन्हा लिहायचो.
वापर शून्य. स्थिर आकार भरावा.
नवा होतो तेव्हा विचारलं होतं,
हे घर पैसे कशाचे भरतं?
जोडलेलं असण्याचे, साहेब म्हणाले होते,
आणि चहा मागवला होता.

काल चालत मुळगावला गेलो. काम काहीच नव्हतं.
ओळखीच्या अंगणात उभा राहिलो, सवयीनं, भिंतीकडे बघत.
नवी सून बाहेर आली. "कोण जाय तुमकां?"
तोंड उघडलं तर ओठांवर त्यांचाच ग्राहक क्रमांक.
माझं नाव
कुठंतरी मागं राहिलं होतं, यायला वेळ लागला.
"काही नाही," म्हटलं, "असाच."

तेवढ्यात मागल्या दारातून त्यांचा म्हातारा कुत्रा,
अकरा वर्षं माझ्या पोटरीवर डोळा ठेवून असलेला,
लंगडत लंगडत आला
आणि भुंकला, जीव तोडून,
थेट माझ्यावर.
सून ओशाळली, हाड हाड करू लागली.

राहू दे गो, मी म्हटलं.
बांधू नको त्याला.